शांघायचे परदेशी चाकरमानी

देशांतराचा इतिहास लिहिणारे लेखक बहुधा व्यापारी, धर्मोपदेशक आणि सेनापति यांच्याकडेच पाहतात. जो केवळ पोटासाठीं परक्या शहरांत उतरला, कोणाच्या तरी ओळखीची चिठ्ठी घेऊन पेढ्यांचे उंबरठे झिजवूं लागला आणि महिनाअखेरच्या पगारावर ज्यानें आपला संसार चालविला, त्याची नोंद क्वचितच सांपडते. वस्तुतः एखाद्या शहराचें खरें स्वरूप अशा मनुष्याच्या चाकरीवरूनच अधिक चांगलें कळतें. तो कोणतें काम करूं शकतो यापेक्षां त्याला कोणतें काम मिळूं शकतें हें पाहिलें, म्हणजे त्या शहरांत सत्ता कोणाची आणि किंमत कशाची हें आपोआप उघड होतें. या दृष्टीनें चीनमधील शांघाय शहराचा इ. स. १८४३ पासून १९४९ पर्यंतचा इतिहास फार बोधप्रद आहे.

अफूच्या पहिल्या युद्धांत चीनचा पराभव होऊन २९ ऑगस्ट १८४२ रोजीं नानकिंगचा तह झाला. त्या तहान्वयें चीनला पांच बंदरें इंग्रजांस खुलीं करून द्यावीं लागलीं. त्यांपैकीं शांघाय हें एक. १७ नोव्हेंबर १८४३ रोजीं तें व्यापारास खुलें झालें. तेथील पहिला इंग्रज कॉन्सल जॉर्ज बॅल्फर हा मद्रासच्या तोफखान्यांतील कप्तान होता, ही गोष्ट आपल्या वाचकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. हुआंगपू नदीच्या कांठीं प्रथम इंग्रजांची वसाहत उठली; मागाहून अमेरिकन आले; १८४९ मध्यें फ्रेंचांनीं आपली हद्द वेगळी आंखून घेतली. १८५४ मध्यें म्युनिसिपल कौन्सिल स्थापन झालें व १८६३ मध्यें इंग्रज आणि अमेरिकन वसाहती एकत्र होऊन तिला पुढें आंतरराष्ट्रीय वसाहत हें नांव पडलें. जमीन नांवाला चीनची, परंतु कारभार परकीय करदात्यांनीं निवडलेल्या कौन्सिलाचा, असा हा अजब प्रकार होता. शिवाय ज्या राष्ट्रांचे चीनशीं तसे तह झाले होते, त्यांच्या प्रजाजनांवर चिनी न्यायाधीशापुढें खटला चालत नसे. त्यांचा न्याय त्यांचा कॉन्सल करी.

या व्यवस्थेचा एक परिणाम असा झाला कीं, शांघायच्या धक्क्यावर उतरणाऱ्या परक्यास “तूं कोण, कशाला आलास, आणि पोट कसें भरणार?” असें दरडावून विचारणारा अधिकारी बहुतेक काळ तेथें नव्हताच. घराला यजमान अनेक झाले, आणि दारावर कोणीच उभा राहिला नाहीं! साऱ्या जगांतील गरजू, साहसी, निराश्रित आणि लबाड अशा सर्व प्रकारच्या माणसांना हें शहर मोकळें झालें तें या कारणानें.

परंतु दार सर्वांना मोकळें होतें म्हणून आंतील पंगत एक होती असें मात्र नाहीं. सर्वांत मानाचें पान चिनी जकातखात्याच्या वरिष्ठ नोकरीचें. १८५३ मध्यें बंडखोरांनीं शांघायचें जुनें चिनी शहर घेतलें व सरकारी जकातघर बंद पडलें. तेव्हां १८५४ मध्यें कॉन्सलांनीं परकीय निरीक्षक नेमून जकात वसूल करण्याची तात्पुरती योजना केली. ही तात्पुरती योजना जवळजवळ शंभर वर्षें टिकली! १८६३ मध्यें या खात्याचा मुख्य झालेला रॉबर्ट हार्ट हा आयर्लंडमधील एक सामान्य घरचा मुलगा. एकोणिसाव्या वर्षीं तो दुभाष्याचें काम शिकण्यासाठीं इंग्रजी कॉन्सलच्या कचेरींत नोकरीस लागून चीनमध्यें आला होता. त्याचा विशेष हा कीं, आपण चिनी सरकारचे पगारी नोकर आहों, चिन्यांचे धनी नव्हे, अशी ताकीद त्यानें १८६४ मध्येंच आपल्या हाताखालच्या परकीयांना परिपत्रक काढून दिली. आणि वरिष्ठ शाखेंतील उमेदवारांस चिनी भाषा शिकणें भाग पाडलें. हें सर्व खरें. तथापि ज्या खात्याची तिजोरी चीनची, त्या खात्यांतील वरच्या जागा चिनी मनुष्यास कित्येक दशकें मिळाल्या नाहींत, हेंही तितकेंच खरें. १९२९ मध्यें परकीयांची नवी भरती जवळजवळ थांबली, तेव्हां कोठें ती कोंडी फुटली.

दुसरा मार्ग पेढ्यांचा, आणि हा मार्ग मुंबईहून जातो. माळव्याची अफू मुंबई बंदरांतूनच चीनला रवाना होई. १८३२ च्या सुमारास बगदादहून मुंबईस येऊन स्थायिक झालेल्या डेव्हिड ससून यानें आपला पुत्र एलियास यास १८४४ मध्यें चीनला धाडलें, आणि पुढें शांघायला या घराण्याची मोठी पेढी उभी राहिली. तिला लागणारे कारकून व गुमास्ते बहुतेक बगदादी यहुदी समाजांतीलच असत. मुंबईस ससूनच्याच धर्मार्थ शाळेंत अक्षर व हिशेब शिकावे, आणि वयांत आल्यावर चीनला जाऊन त्याच पेढीवर बसावें, असा जणु एक राजमार्गच तयार झाला होता. सायलस हार्दून हा त्याच वाटेनें गेलेला. त्याचें बालपण मुंबईस गरिबींत गेलें. शांघायला तो भाडेवसुलीसारख्या किरकोळ कामावर लागला. तें करतां करतां शहर कोणत्या दिशेला वाढणार हें त्यानें हेरलें, थोडी थोडी जमीन घेतली, आणि १९३१ मध्यें तो वारला तेव्हां नानकिंग रस्त्यावरील जमिनीचा फार मोठा भाग त्याच्या मालकीचा होता. अशा एका माणसाच्या भाग्योदयाची कथा ऐकून किती जणांनीं आगबोटीचें तिकीट काढलें असेल, याची कल्पनाच करावी. परंतु पेढ्यांतही पायऱ्या ठरलेल्या होत्या. इंग्रजी बँकांत अधिकारी विलायतेहून येत. टेबलावरचे हिशेब मकावहून आलेले पोर्तुगीज वंशाचे कारकून लिहीत, आणि ते पिढ्यान् पिढ्या कारकूनच राहत. आणि चिनी व्यापाऱ्यांशीं प्रत्यक्ष सौदा ‘कोंप्रादोर’ म्हणविणारा चिनी दलाल आपल्या जामिनकीवर करी. ज्याला बाजार सर्वांत अधिक कळे, त्याला बँकेचा अधिकारी होतां येत नसे.

तिसरा मार्ग पोलिसांचा. पहिल्या महायुद्धानंतर विलायतेंत हजारों सैनिक मोकळे झाले होते, आणि शांघायचें कौन्सिल तेथें जाहिराती देऊन तरुण मिळवीत असे. मॉरिस टिंकलर नांवाचा एक तरुण १९१९ मध्यें असाच भरती होऊन आला. मायदेशीं ज्याला कोणी विचारलें नसतें, त्याला येथें हाताखालीं माणसें, घरांत नोकर आणि रस्त्यांत दरारा हीं आयतीं मिळालीं. आणि तींच त्याच्या नाशास कारण झालीं. चढतां चढतां तो गुन्हेशोधक शाखेंत अधिकारी झाला, पुढें त्याचा दर्जा उतरविण्यांत आला, १९३० मध्यें त्यानें राजीनामा दिला, आणि १९३९ मध्यें एका कापड गिरणींत मजुरांवर देखरेख करीत असतां जपानी सैनिकांशीं झालेल्या झटापटींत तो प्राणास मुकला. फुकट मिळालेला मोठेपणा मनुष्याला दुसऱ्या कोणत्याही कामाचा ठेवीत नाहीं, याचें हें बोलकें उदाहरण होय.

आतां आपल्या देशबांधवांकडे वळूं. १८८४-८५ पासून शांघायच्या पोलिसांत शिखांची स्वतंत्र शाखा होती. १९३० नंतरच्या दशकांत तींत पांचशेंहून अधिक शिपाई होते. चौकांत रहदारी संभाळावी, घोड्यावरून गस्त घालावी, वॉर्ड रस्त्यावरील तुरुंगांत पहारा करावा, अशीं त्यांचीं कामें असत. जे पोलिसांत शिरत नसत ते गुदामांवर व बँकांच्या दारांवर राखणदार होत. कांहीं जण जोडीला सावकारीही करीत. पगार यूरोपीय शिपायापेक्षां बराच कमी, चिनी शिपायापेक्षां अधिक, आणि पंजाबांतील शेतमजुरीच्या मानानें तर फारच अधिक. १९०८ मध्यें डाँग-बाओशिंग रस्त्यावर त्यांचा गुरुद्वारा उघडला; नवख्या मनुष्यास मुक्काम, जेवण आणि नोकरीची बातमी हीं तिन्ही तेथें मिळत.

पण या भाकरीची चव कशी होती? शहरांतील चिनी लोक या शिपायांना ‘लाल डोक्याचा आ-सान’ म्हणून हिणवीत. हातांत दंडुका देऊन त्यांना उभें केलें होतें तें चिनी हमालाला आणि रिक्षावाल्याला धाकांत ठेवण्यासाठीं. ३० मे १९२५ रोजीं नानकिंग रस्त्यावर निदर्शकांच्या जमावावर पोलिसांनीं इंग्रज अधिकाऱ्याच्या हुकुमावरून गोळ्या झाडल्या, त्या बंदुकांपैकीं कांहीं शिखांच्या हातीं होत्या. एका पराधीन देशाचा पुत्र दुसऱ्या अर्ध्या पराधीन देशाच्या पुत्रावर नेम धरतो आणि पगार तिसऱ्याकडून घेतो! या विसंगतीची जाणीव त्यांना नव्हती असें समजूं नये. गदर चळवळीचे विचार त्यांच्या बराकींत पोंचले होते. त्यांच्यांतील राजनिष्ठ जमादार बुद्धासिंग यास एप्रिल १९२७ मध्यें एका शिखानेंच गोळी घालून ठार केलें. त्याच वर्षीं मद्रासच्या अधिवेशनांत काँग्रेसनें चीनमध्यें हिंदी फौज वापरण्याचा निषेध केला. मात्र निषेध करणाऱ्यांना त्या शिपायाच्या घरचें कर्ज फेडावयाचें नव्हतें, हेंही न्यायबुद्धीनें म्हटलें पाहिजे.

गोऱ्या कातडीलाच शांघायांत किंमत होती, असें यावरून कोणास वाटेल. रशियन निर्वासितांची कहाणी हा समज खोटा पाडते. १९२२ मध्यें व्लाडिव्होस्टॉक पडल्यावर त्यांचे तांडे जहाजांतून शांघायला आले. चीननें १९२० मध्येंच झारशाहीच्या कॉन्सलांची मान्यता काढून घेतली होती, आणि सोव्हिएट सरकारनें १९२१ मध्यें अशा लोकांचें नागरिकत्व रद्द केलें. त्यांच्या मागें कोणाचाही झेंडा उरला नाहीं, आणि झेंड्याबरोबर गोऱ्या कातडीचा भावही उतरला. काल जे सैन्यांत अधिकारी होते ते श्रीमंत चिन्यांचे अंगरक्षक आणि दारवान झाले. घरंदाज स्त्रिया शिवणकाम करूं लागल्या, आणि कित्येक तरुणी नृत्यगृहांत तिकिटामागें नाचूं लागल्या. १९२७ मध्यें वसाहतीच्या स्वयंसेवक दलांत त्यांची पगारी तुकडी उभारण्यांत आली. इतर राष्ट्रांचे लोक हौसेनें जें करीत तें हे पोटासाठीं करीत. कौशल्यावर पगार ठरता तर असें घडतें ना. पगार ठरे तो पासपोर्टावर.

याच्या उलट कलावंतांना मात्र कधीं कधीं गुणाचें मोल मिळे. म्युनिसिपल वाद्यवृंदाचा चालक मारिओ पाची हा इटालियन १९१९ पासून १९४२ पर्यंत त्या जागीं होता. अमेरिकेंत वर्णद्वेषानें गांजलेले नीग्रो वादक येथें नृत्यगृहांत मानानें वाजवीत. त्यांपैकीं टेडी वेदरफर्ड हा पियानोवादक पुढें मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत वाजवूं लागला व १९४५ मध्यें कलकत्त्यास वारला.

दार मोकळें असण्याचें खरें पुण्य शांघायच्या पदरीं पडलें तें १९३८ नंतर. जर्मनी व ऑस्ट्रिया येथील यहुद्यांना जेव्हां जगांतील बहुतेक राष्ट्रें नकार देत होतीं, तेव्हां शांघायला उतरण्यास परवान्याची गरज नव्हती. व्हिएन्ना येथील चिनी कॉन्सल हो फेंग-शान यानें तरीही परवाने दिले, कारण ऑस्ट्रियांतून सुटण्यासाठीं असा कागद हातीं असणें उपयोगाचें होतें. सतरा-अठरा हजार माणसें अशा रीतीनें वांचलीं. १९३७ च्या लढाईंत उद्ध्वस्त झालेल्या हाँगक्यू भागांत भाडें स्वस्त म्हणून तीं राहिलीं. डॉक्टर, वकील, प्राध्यापक यांनीं पाव भाजले, टोप्या शिवल्या, आपल्या अंगावरचे कोट विकले. फेब्रुवारी १९४३ मध्यें जपानी अधिकाऱ्यांनीं त्यांना त्याच भागांत कोंडलें. तेव्हां कामासाठीं हद्दीबाहेर जावयाचें तर पास दाखवावा लागे.

या सर्व पंगतीच्या खालीं चिनी मनुष्य होता. १९३५ च्या शिरगणतींत आंतरराष्ट्रीय वसाहतींत परकीय होते सुमारें ३९ हजार, त्यांत निम्म्याहून अधिक जपानी. हिंदी सुमारें २,३००. आणि चिनी अकरा लाखांवर. या अकरा लाखांना नदीकांठच्या सार्वजनिक बागेंत पाऊल टाकण्यास १९२८ पर्यंत बंदी होती, आणि कौन्सिलांत चिनी सभासद बसले तेही त्याच वर्षीं.

८ डिसेंबर १९४१ रोजीं जपानी सैन्य वसाहतींत शिरलें. ११ जानेवारी १९४३ रोजीं इंग्लंड व अमेरिका यांनीं तह करून आपले विशेष हक्क सोडले. ज्या वर्षीं ते सुटले त्याच वर्षीं त्यांचे शांघायमधील हजारों प्रजाजन जपान्यांच्या छावण्यांत बंद झाले. मे १९४९ मध्यें कम्युनिस्ट सैन्यानें शहर घेतलें, आणि पुढील थोड्याच वर्षांत परदेशी चाकरमानी जवळजवळ नाहींसा झाला.

१९७८ नंतरच्या आर्थिक सुधारणांनीं तो पुनः आला आहे, पण वेगळ्या वाटेनें. आज शांघायला नोकरी करूं इच्छिणाऱ्यास आधीं तेथील मालकाचा करार, मग सरकारी परवाना, मग प्रवेशपत्र आणि पोंचल्यावर निवासाचा परवाना घ्यावा लागतो. २०१७ पासून परकीय नोकरांचे तीन वर्ग केलेले आहेत. मधल्या वर्गांतील मनुष्यास सामान्यतः पदवी, दोन वर्षांचा अनुभव आणि साठीच्या आंतलें वय दाखवावें लागतें. या कागदांची कटकट मोठी आहे, आणि कागद मागणारें दार निराश्रितालाही परतवितें, हा त्यांतील दोष लहान नव्हे. जुन्या शांघायनें हजारोंचे प्राण वांचविले ते दार नव्हतें म्हणूनच. परंतु तें दार नव्हतें, कारण तें उखडून नेलें होतें; आणि ज्यांनीं नेलें त्यांच्याच पंगतींत बाकीच्यांना पायरीपायरीनें बसावें लागलें. आज परवाना मागणारा अधिकारी चिनी आहे, आणि परका मनुष्य तेथील कायद्यापुढें परका पाहुणा म्हणूनच उभा राहतो. आपल्या गुणावर मिळालेली चाकरी आणि दुसऱ्याच्या दौर्बल्यावर मिळालेली चाकरी यांचा पगार कदाचित् सारखाच असेल. परंतु पहिलीचा हिशेब महिनाअखेर चुकता होतो, दुसरीचा पिढ्यान् पिढ्या उरतो.