उतरंड, अढी आणि दिंडी

चौथी-पाचवीतल्या मुलाने अमरकोश पाठ करावा अशी अपेक्षा आज कोणी करणार नाही. तरीही शिष्यवृत्ती परीक्षेच्या मार्गदर्शकातले समानार्थी शब्दांचे पान उघडले की अमरसिंहाची आठवण होते. स्वर्ग, भूमी, वनौषधी असे अर्थाचे वर्ग पाडून शब्द एकत्र बांधायचे आणि बालवयातच जिभेवर चढवायचे, ही रीत जुनीच. फरक एवढाच की पाठशाळेतल्या विद्यार्थ्याला त्या पाठांतराच्या पलीकडे काव्य वाचायचे असे. मार्गदर्शकातल्या यादीपलीकडे रंगवायचे एक वर्तुळ असते.

मधल्या काळात मराठी शब्दांची मोजदाद सुरू झाली. मोलस्वर्थच्या कोशात १८३१ साली सुमारे २५ हजार शब्द होते. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते ६० हजारांच्या घरात गेले. पंडितांच्या मदतीने रचलेल्या या कोशात शेतातल्या, स्वयंपाकघरातल्या, बाजारातल्या बोलीलाही जागा मिळाली. शालेय पुस्तकांच्या वाट्याला यातले थोडेच आले. कँडीसाहेबाच्या देखरेखीखाली जी मराठी घडली ती नीटस आणि काहीशी परीटघडीची होती.

शिष्यवृत्ती परीक्षा १९५४-५५ पासूनची. प्रारंभी ती चौथी आणि सातवीला असे, २०१६-१७ पासून पाचवी आणि आठवीला झाली, आणि २०२५ मध्ये शासनाने पुन्हा चौथी-सातवीकडे वळण्याचा निर्णय घेतला. २०१७ नंतरच्या आराखड्यात एकूण ३०० गुणांपैकी प्रथम भाषेला ५० गुण आणि प्रश्न २५. काटेकोरपणे पाहता ही प्रवेशपरीक्षा नव्हे. शिक्षण हक्क कायद्याने २००९ मध्ये शाळाप्रवेशासाठी मुलांची चाळणी लावण्यास मनाई केली. नवोदय विद्यालये आणि सातारच्या सैनिक शाळेसारख्या संस्थांच्या निवडपरीक्षा मात्र चालू राहिल्या. पालकांच्या लेखी या साऱ्यांची तयारी एकच. वस्तुतः नवोदयच्या भाषाविभागात उतारे वाचून उत्तरे द्यायची असतात, सुट्या शब्दांच्या जोड्या नसतात. तरी पाठ होतात त्या जोड्याच. पाठांतराची प्रगती मोजता येते, वाचनाची तशी येत नाही, हे त्याचे साधे कारण असावे.

या याद्यांतली सर्वांत विलक्षण यादी समूहदर्शक शब्दांची. उसाची मोळी, पालेभाजीची जुडी, भाकऱ्यांची चवड, नाण्यांची चळत, पोत्यांची थप्पी, धान्याची रास, मडक्यांची उतरंड, आंब्यांची अढी. हे वाचताना एक आख्खी कृषिव्यवस्था डोळ्यांपुढे उभी राहते. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा'त जे जग नोंदवले, त्याची ही जणू बालसुलभ सूची. ती करणाऱ्याच्या मनात तसे काही नसेलही.

आता हडपसरचा विचार करू. ही एके काळची भाजीपाल्याची आणि उसाची शिवारे. मुठेचा उजवा कालवा इथूनच पुढे जातो. साधारण २००० सालानंतर मगर आणि इतर शेतकरी कुटुंबांनी सुमारे ४०० एकर जमीन एकत्र करून मगरपट्टा सिटी उभारली. जमीन न विकता तिच्यात भागीदार राहण्याची ही तोड विचारी होती, हे मान्य करायलाच हवे. पण ज्या घरात 'मोळी' हा शब्द डोक्यावरून येत असे, त्या घरातल्या नातवंडाला तो आता मार्गदर्शकातून येतो. आजोबांना जो शब्द शिकावा लागला नव्हता, त्यासाठी नातवाला शिकवणी लागते.

इथे यादीची थट्टा करणे सोपे आहे. मला ती करवत नाही, कारण कित्येक मुलांच्या बाबतीत हे शब्द भेटण्याचे ते एकमेव ठिकाण आहे. तक्रार वेगळी आहे. 'समूह' या एका खणात टाकताच हे शब्द एकसारखे होतात. अढी म्हणजे आंब्यांचा ढीग नव्हे. गवतात आंबे पिकत घालण्याची ती रचना. एका नासक्या आंब्याने सारी अढी नासते ही म्हण, किंवा मनात अढी बसणे हा वाक्प्रचार, त्या बंद उबेशिवाय कळत नाही. रास ओतलेली असते, थप्पी रचलेली असते, चवड एकावर एक चढत जाते.

उतरंडीचे तर आपल्या विषयाशी थेट नाते आहे. एम.ए.च्या वर्गात दलित साहित्य शिकवताना 'जातींची उतरंड' हा शब्दप्रयोग आपण सहज करतो. तळाशी मोठे मडके, त्यावर लहान, त्यावर आणखी लहान; वरच्या प्रत्येकाचा भार खालच्यावर, आणि तळातले काढू गेल्यास सगळे कोसळणार. ज्याने ही मांडणी घरात कधी पाहिलेली नाही आणि चौथीत 'मडक्यांची – उतरंड' एवढेच घोकले, त्याच्या उत्तरपत्रिकेत हा शब्द 'श्रेणी'चा पर्याय म्हणून उतरतो. भार नाहीसा होतो. पदव्युत्तर वर्गात जाणवणारे हे दारिद्र्य तिथे जन्मलेले नसते.

त्याच यादीत 'वारकऱ्यांची दिंडी' असते. हडपसरच्या मुलाला हा एक शब्द अजून रस्त्यावर भेटतो. ज्ञानोबांची पालखी इथून दिवे घाटाकडे आणि तुकोबांची लोणी काळभोरकडे वळते. त्या सकाळी सोलापूर रस्त्याच्या कडेला उभे राहणाऱ्या मुलाला कुणी एवढेच दाखवले तरी पुरे: माउलींच्या सोहळ्यात प्रत्येक दिंडीला क्रमांक असतो, ती रथाच्या पुढे चालणार की मागे हे ठरलेले असते, आणि तिच्यात कुणाच्या गळ्यात वीणा आहे, कुणाच्या डोक्यावर तुळस, हेही पाहता येते. शेजारून जाते ती गर्दी, आणि ही दिंडी.