सहा वाजताचा पॅच

डेटाडॉग या न्यूयॉर्कच्या कंपनीचा धंदा म्हणजे इतरांच्या सर्व्हरवर नजर ठेवणं. कुठली सेवा मंदावली, कुठली डिस्क भरत आली, हे जगभरच्या हजारो कंपन्यांचे इंजिनिअर तिच्या वेबपानांवर पाहत असतात. ८ मार्च २०२३, बुधवारी ही पानं बंद पडली. कुणी हल्ला केला नव्हता की कुठे वीज गेली नव्हती. लिनक्सचा एक सुरक्षा पॅच लागला होता, आणि तोही अगदी बिनचूक. पुढच्या सगळ्या वेळा यूटीसीनुसार आहेत. आपलं घड्याळ त्यापुढे साडेपाच तास.

साडेदहा महिने आधी

२१ एप्रिल २०२२ रोजी उबुंटू या लिनक्स-वितरणाची २२.०४ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिच्यात सिस्टिमडीची २४९ ही आवृत्ती होती. यंत्र सुरू झाल्यावर बाकी सगळ्या सेवांना उठवणारा आणि सांभाळणारा कारभारी म्हणजे सिस्टिमडी. नेटवर्क बघणारा त्याचा भाग म्हणजे नेटवर्कडी. या आवृत्तीतल्या नेटवर्कडीला एक सवय होती: सुरू होताना, आपण न लिहिलेले राउटिंगचे नियम दिसले की तो ते पुसून टाकी. ही सवय मोडण्याची सेटिंगही त्याच आवृत्तीत होती. पण मुद्दाम बदलली नाही, तर नियम पुसले जायचे.

काही महिने आधी

डेटाडॉगचे सर्व्हर हळूहळू २२.०४ वर आले. कंटेनरांची, म्हणजे यंत्रावर वेगवेगळ्या कप्प्यांत चालणाऱ्या प्रोग्रामांची, आपसातली वाहतूक सिलियम हे सॉफ्टवेअर पाही, आणि त्यासाठीचे नियम तेच प्रत्येक यंत्रात लिहून ठेवी. म्हणजे नेटवर्कडीच्या लेखी ते परके.

पॅच लावण्याची पद्धत तर शिस्तीची होती. आधी थोडी यंत्रं, मग थोडी अधिक, असं आठवड्यांमध्ये पसरलेलं वाटप. हीच शिस्त कॅनॉनिकलचं लँडस्केप, रेड हॅटचं सॅटेलाइट, सुसेचं मल्टी-लिनक्स मॅनेजर अशी वेबवरची साधनं विकतात. प्रत्येक यंत्रावरचा एजंट कुठलं पॅकेज कुठल्या आवृत्तीचं आहे ते कळवतो, आणि ॲडमिन ब्राउझरमध्ये बसून यंत्रांचे गट पाडतो, मंजुरी देतो, वेळ ठरवतो.

पण ज्या मूळ इमेजमधून डेटाडॉगची यंत्रं तयार होत, तिच्यात जुन्या काळापासून सुरक्षा अपडेटची आणखी एक वाट चालू राहिली होती. त्या वाटेने येणारे पॅच यंत्र स्वतःच उतरवून घेई आणि लावी. कुणाची मंजुरी लागत नसे. इमेज आटोपशीर असल्याने असे पॅच क्वचितच येत. त्या दिवसापर्यंत त्यांनी काही बिघडवलं नव्हतं, म्हणून त्या वाटेची आठवणही कुणाला नव्हती.

एक दिवस आधी

७ मार्चला सिस्टिमडीमधल्या सुरक्षेच्या दोषांवरचा पॅच उबुंटूच्या भांडारात आला. ठरलेल्या वाटपाने गेला असता, तर तो आधी मोजक्या यंत्रांवरच राहिला असता. तिथे काही मोडलंच तर निस्तरता आलं असतं.

०५:५९

या क्षणी सगळं जागच्या जागी आहे, आणि त्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट चांगली सवय म्हणून शिकवली जाते. सुरक्षा अपडेट आपोआप लागावेत. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर असावं. सगळीकडे इमेज एकच असावी. सेवा अपडेट झाली की ती रीस्टार्ट व्हावी.

उबुंटूत पॅकेजं उतरवून बसवणाऱ्या ॲप्टचा टायमर रोज सकाळी सहाला जागा होतो आणि साठ मिनिटांच्या आत कुठल्यातरी क्षणी काम सुरू करतो. जगभरची यंत्रं एकाच सेकंदाला भांडारावर तुटून पडू नयेत, म्हणून ही ढील ठेवलेली आहे. भांडाराचा भार त्यामुळे विभागला जातो खरा. पण सगळ्या सर्व्हरांचे सहा एकाच क्षणी वाजत असतील, तर एका तासात सगळे उरकतात.

०६:००

पहिल्या यंत्रांवर पॅच लागतो. ॲप्टच्या दृष्टीने काम फत्ते: पॅकेज उतरलं, बसलं, नवी आवृत्ती नोंदली गेली. नव्या आवृत्तीसाठी नेटवर्कडी रीस्टार्ट होतो, परके नियम पाहतो आणि पुसतो. यंत्र चालू राहतं, पण त्याचा कुणाशी संपर्क उरत नाही.

हे चाचणीत का सापडलं नाही, याचं उत्तर क्रमात आहे. यंत्र नव्याने सुरू होताना नेटवर्कडी आधी उठतो आणि सिलियम आपले नियम नंतर लिहितो. भाडेकरू यायच्या आधी खोली झाडली तर कुणाचं काही जात नाही. तो राहायला आल्यावर त्याचं सामान अनोळखी म्हणून रस्त्यावर ठेवलं, तर मात्र तो बेघर होतो. नवं यंत्र तपासा, जुनं रीबूट करून तपासा, दोन्ही उत्तीर्ण. चालत्या यंत्रावर नेटवर्कडी रीस्टार्ट झाला तरच हा दोष उघडा पडतो, आणि तो प्रसंग कुठल्याच चाचणीत नव्हता.

०६:०३

डेटाडॉगचे अंतर्गत इशारे वाजू लागतात. न्यूयॉर्कमध्ये रात्रीचा एक वाजून गेलाय, पॅरिसमध्ये सकाळचे सात. तपासाला लागल्यावर अठरा मिनिटांत कंपनीत गंभीर घटना घोषित होते. ०६:३१ला ग्राहकांनाही कळवलं जातं.

०६:३१ ते ०७:००

आता कोड्याचा सगळ्यात अवघड भाग येतो. डेटाडॉगची व्यवस्था पाच प्रदेशांत विभागलेली, तीही वेगवेगळ्या क्लाउड कंपन्यांकडे. या प्रदेशांना जोडणारी नेटवर्कची तारसुद्धा नाही; एक कोसळला तरी बाकीचे उभे राहावेत, हाच तर त्यामागचा हेतू. तरीही पाचही प्रदेश एकाच तासात पडत होते. अशा वेळी इंजिनिअर दोन प्रदेशांमधला दुवा शोधतो. इथे असा दुवा नव्हताच. प्रत्येक यंत्राच्या पोटात तेच घड्याळ आणि तीच वेळ, एवढंच त्यांच्यात समान होतं.

सात वाजेपर्यंत हजारोंच्या हजारो यंत्रं (नोड) संपर्काबाहेर गेली. त्यांत कंटेनरांचा कारभार चालवणारी, म्हणजे पडलेलं पुन्हा उभं करण्यासाठी लागणारी यंत्रंही होती.

ग्राहकांची संकेतस्थळं चालूच होती. ती नीट चालली आहेत की नाहीत, हे पाहण्याची सोय तेवढी गेली होती.

०७:०० नंतर

एकाच दुखण्यावर दोन क्लाउडांनी दोन उपचार केले. एकाने नोड आजारी असल्याची नोंद घेतली, पण हात लावला नाही. तिथे रीबूट पुरे पडलं: नियम पुन्हा लिहिले गेले, डिस्कवरची माहिती जागेवर मिळाली. दुसऱ्या क्लाउडच्या स्वयंचलित यंत्रणेने आजारी नोड काढून टाकला आणि कोरा नवा आणून बसवला. कागदावर हा उपचार जास्त तत्पर, पण त्या नोडवरची माहिती त्याच्याबरोबर गेली आणि ती वेगळी परत मिळवावी लागली. शिवाय हजारो नवे नोड एकदम मागितल्यावर क्लाउडच्या मर्यादाही आड आल्या, आणि त्या कुणी आधी पाहिलेल्या नव्हत्या.

०९:१३

वेबपानं पुन्हा उघडू लागली. आधी ताजी माहिती आणि इशारे, जुना इतिहास मागाहून, असा क्रम ठरला.

९ आणि १० मार्च

९ मार्चच्या ०८:५८ला मुख्य सेवा चालू झाल्याचं जाहीर झालं. मागची राहिलेली माहिती भरून १० मार्चच्या ०६:२५ला घटनेची फाइल बंद झाली. अठ्ठेचाळीस तासांत चार पाळ्या झाल्या आणि कुठल्याही वेळी ४५० ते ७५० माणसं कामाला जुंपलेली होती. कंपनीच्या अंदाजाने त्या तिमाहीचं उत्पन्न सुमारे ५० लाख डॉलरने घटलं.

हिशेब

डेटाडॉगने ती जुनी वाट बंद केली आणि परक्या नियमांना हात लावू नकोस, असं नेटवर्कडीला सेटिंगमध्ये सांगितलं. बदल छोटे, पण जिथे वेबवरच्या साधनाने शेकडो लिनक्स यंत्रं सांभाळली जातात, तिथे प्रत्येकाने यातून दोन गोष्टी उचलाव्यात.

पहिली: असं साधन आपण दिलेली मंजुरी पाळतं, पण यंत्राने परस्पर केलेलं काम रोखत नाही. ॲप्टचा टायमर त्या साधनाला विचारून चालत नाही. म्हणून "कुठला पॅच बाकी आहे" याच्या आधीचा प्रश्न "या यंत्रावर पॅच कोण कोण लावू शकतं" हा आहे. त्याचं उत्तर डॅशबोर्डवर नसतं. यंत्रात शिरून टायमरांची यादी काढावी लागते, आणि ज्या इमेजमधून यंत्रं जन्मतात ती तपासावी लागते.

दुसरी: "अद्ययावत" ही पॅकेजची स्थिती आहे, सेवेची नव्हे. त्या सकाळी पडलेल्या प्रत्येक यंत्रावर पॅच यशस्वी झालेला होता. पॅचच्या चाचणीत चालतं, भरलेलं, कामात असलेलं यंत्र हवं. ताजं यंत्र आणि रीबूट केलेलं यंत्र पुरत नाही.

यावरून आपोआप होणारे अपडेट बंदच करावेत, असा निष्कर्ष काढणं सोपं आणि धोक्याचं आहे. पॅच न लागलेले सर्व्हर घुसखोरांना हवेच असतात. टायमर खुशाल बंद करा. पण मग रोज भांडार पाहणं, पॅच आधी थोड्या यंत्रांवर लावणं आणि शेवटच्या यंत्रापर्यंत नेणं, हे काम ज्याने तो बंद केला त्याच्या गळ्यात पडतं. ते काम कुणाच्या नावावर आहे हे ठरलेलं नसेल, तर टायमर चालूच ठेवा आणि निदान प्रत्येक प्रदेशात त्याची वेळ वेगळी करा.