फूट, इंच आणि मिलिमीटर : डोंबिवलीतील मध्यमवर्गीय सदनिकांतील स्वयंपाकघर व न्हाणीघर यांच्या मापांचा इतिहास

प्रस्तावना

नगरांचा इतिहास बहुधा रेल्वे, गिरण्या, नगरपालिका आणि चळवळी यांच्या आधारे लिहिला जातो. घराच्या आतील भागाकडे, विशेषतः स्वयंपाकघर व न्हाणीघराकडे, इतिहासाचे साधन म्हणून क्वचितच पाहिले जाते. वास्तविक ओट्याची उंची, भिंतीवरील फरशीचा आकार आणि शौचपात्राचे भिंतीपासूनचे अंतर या गोष्टींत कायदा, उद्योग, इंधन व कुटुंबातील श्रमविभागणी यांचा इतिहास साठलेला असतो. प्रस्तुत लेखात डोंबिवलीतील मध्यमवर्गीय सदनिकांच्या संदर्भात या मापांचा विचार केला आहे. येथील खोली फुटांत बांधली गेली, फरशी मिलिमीटरमध्ये तयार होऊ लागली आणि व्यवहाराची बोली मात्र फूट-इंचांचीच राहिली. या तीन गोष्टींच्या विसंगतीतून नूतनीकरणाचे बहुतेक प्रश्न निर्माण होतात, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

मोरीपासून सदनिकेपर्यंत

१८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आणि १८५४ साली कल्याणपर्यंत लोहमार्ग सुरू झाला. या मार्गावरील डोंबिवली दीर्घकाळ लहान वस्तीचे गाव होते. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानंतर मुंबईत भाड्याची घरे बांधण्याकडील कल ओसरला. त्यानंतर १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा आणि १९६३ चा महाराष्ट्र मालकी हक्क सदनिका कायदा यांमुळे मालकीच्या घराची कायदेशीर चौकट उभी राहिली. मुंबईत नोकरी आणि डोंबिवलीत घर ही मराठी मध्यमवर्गाची जीवनपद्धती याच काळात रूढ झाली. १९८३ मध्ये कल्याण-डोंबिवली महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत तिच्या हद्दीतील लोकसंख्या बारा लाखांहून अधिक होती.

या वर्गातील अनेक कुटुंबे चाळीतून सदनिकेत आली. चाळीतील खोलीत कोपऱ्यातील मोरी हीच स्नानाची, भांडी घासण्याची आणि कपडे धुण्याची जागा असे, तर शौचालये मजल्याच्या टोकाला सामाईक असत. मोरीला शहाबादी फरशी व बुटका कट्टा असे. स्वयंपाक जमिनीवर बसून होई. सदनिकेत आल्यावर एका मोरीचे ओटा, न्हाणीघर व शौचालय असे तीन भाग झाले. जागा लहानच राहिली, परंतु प्रत्येक कार्याला स्वतंत्र माप मिळाले.

ओट्याचे माप प्रामुख्याने इंधनाने ठरविले. १९५० च्या दशकाच्या मध्यास बर्मा-शेल कंपनीने मुंबईत घरगुती गॅस आणला आणि पुढील दशकांत तो उपनगरांत पसरला. शेगडी सिलिंडरपेक्षा उंच ठेवणे आवश्यक असल्याने स्वयंपाक करणारी स्त्री जमिनीवरून उठून उभी राहिली. सिलिंडर रेग्युलेटरसह खाली मावेल असा सुमारे तीस ते तेहतीस इंच उंचीचा व दोन फूट रुंदीचा कडप्प्याचा ओटा रूढ झाला. ही उंची ठरविताना गृहिणीच्या उंचीचा विचार क्वचितच झाला, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

सहा-सहाची फरशी

या प्रदेशातील फरशी उद्योगाला जुनी परंपरा आहे. १९२२ साली फिरोजशा सिधवा यांनी उरण येथे भारत टाइल्सचा कारखाना काढला व सिमेंटच्या नक्षीदार लाद्या देशातच तयार होऊ लागल्या. १९५८ साली स्थापन झालेल्या एच. अँड आर. जॉन्सन (इंडिया) या कंपनीचा कारखाना ठाण्यात माजिवडे येथे उभा राहिला. चकचकीत पांढरी ‘सहा-सहा’ फरशी पुढे मध्यमवर्गीय स्वच्छतेचे प्रतीक बनली.

या फरशीचे यश केवळ तिच्या पांढरेपणात नव्हते. चार फुटांच्या भिंतीवर तिच्या आठ, पाच फुटांच्या भिंतीवर दहा आणि ओट्यामागील दोन फुटांच्या पट्ट्यात चार ओळी बसत. गवंड्याला कापाकापी फारशी करावी लागत नसे. न्हाणीघराच्या जमिनीला नहाणी ट्रॅपकडे दर फुटाला साधारण पाव इंच उतार द्यावा लागतो. लहान फरशीला अनेक सांधे असल्याने हा उतार सहज साधे आणि त्याच सांध्यांमुळे ओल्या जमिनीवर पायाला पकड मिळे. खोली, फरशी आणि गवंड्याची टेप ही तिन्ही एकाच मापपद्धतीत होती.

दशमान पद्धती आणि ‘दोन बाय दोन’

१९५६ च्या वजने-मापे प्रमाणन कायद्याने देशाने दशमान पद्धती स्वीकारली. कारखान्यांची मापे क्रमाने मिलिमीटरमध्ये गेली, परंतु बांधकामाच्या व्यवहारात फूट, इंच आणि सूत टिकून राहिले. पुढे गुजरातमधील मोरबी हे फरशी उत्पादनाचे मोठे केंद्र झाले व फरशीचा आकार वाढत गेला. प्रथम ‘आठ-बारा’, मग ‘बारा-अठरा’ आणि त्यानंतर व्हिट्रिफाइड प्रकारातील ‘दोन बाय दोन’ घराघरांत आली.

येथे नाव आणि माप यांत अंतर पडले. ‘दोन बाय दोन’ म्हणून विकली जाणारी फरशी ६०० मिलिमीटरची असते, तर दोन फूट म्हणजे ६०९.६ मिलिमीटर. दहा फुटी स्वयंपाकघरात अशा पाच फरश्या लावल्यास सांधे धरूनही सुमारे ४० मिलिमीटर, म्हणजे दीड इंचाहून अधिक जागा उरते. ही चिंचोळी पट्टी दाराशी आली तर उंबऱ्यापाशी लगेच डोळ्यांत भरते. म्हणूनच जाणता गवंडी पहिली फरशी कोपऱ्यातून न लावता मध्यरेषा आखून दोन्ही कडांना सारखे तुकडे ठेवतो.

न्हाणीघरात हा प्रश्न अधिक बिकट होतो. चार बाय पाच फुटांच्या जमिनीला ६०० मिलिमीटरच्या सहा फरश्या लागतात. त्यांचे क्षेत्रफळ २.१६ चौरस मीटर, तर जमिनीचे १.८६. उरलेला भाग कापून वाया जातो. शिवाय अखंड मोठी फरशी एकाच दिशेने उतरू शकते. चारही बाजूंनी जाळीकडे पाणी वळवायचे तर ती तिरकी कापावी लागते, अन्यथा कोपऱ्यात पाणी साचते.

नूतनीकरण : इंचाचा हिशेब

१९७० व १९८० च्या दशकांतील इमारतींत नूतनीकरण करताना जुनी फरशी उखडण्याचे धाडस अनेक जण करीत नाहीत. ठोकाठोकीत विटांच्या तुकड्यांचा कोबा व जलरोधक थर दुखावला तर खालच्या घराच्या छताला ओल येते आणि शेजारसंबंधांचे रूपांतर सोसायटीतील तक्रारीत होते. त्यामुळे जुन्या फरशीवर नवी चिकटविण्याचा मार्ग स्वीकारला जातो. त्यात प्रत्येक भिंत सुमारे १५ ते २० मिलिमीटर पुढे सरकते.

ही घट क्षुल्लक नाही. २००५ च्या राष्ट्रीय इमारत संहितेने स्नानगृहासाठी किमान १.८ चौरस मीटर क्षेत्र व १.२ मीटर रुंदी, तर शौचालयासाठी १.१ चौरस मीटर क्षेत्र व ०.९ मीटर रुंदी सांगितली आहे. चार बाय पाच फुटांचे न्हाणीघर आणि तीन बाय चार फुटांचे शौचालय या मापांत जेमतेम बसतात. समोरासमोरच्या दोन भिंतींवर २० मिलिमीटरचा नवा थर चढला की चार फूट रुंदी १.१८ मीटरवर आणि तीन फूट रुंदी ०.८७ मीटरवर येते. किमान मापाची खोली सुशोभीकरणामुळेच किमान मापाखाली जाते.

शौचपात्राच्या बाबतीत हे विशेष जाणवते. या इमारतींपैकी अनेकांत लिफ्ट नाही आणि प्रथम राहावयास आलेली पिढी आता वृद्ध झाली आहे. गुडघेदुखीमुळे भारतीय पद्धतीचे पात्र काढून कमोड बसविणे ही त्यांची चैन नसून गरज असते. कमोडच्या निर्गममार्गाचे भिंतीपासूनचे अंतर ठरावीक असते. २२५ व ३०० मिलिमीटर ही त्याची प्रचलित मापे होत. जमिनीतील नळी जागीच राहते, परंतु भिंत नव्या थराने पुढे येते. जुन्या भिंतीपासून माप घेऊन आणलेला कमोड मग टाकीपाशी अडतो. तो बसलाच, तरी चार फुटांच्या शौचालयात त्याच्यापुढे सुमारे अर्धा मीटर जागा उरते व आत उघडणारे दार गुडघ्याला लागते. दार बाहेर उघडणारे करणे, आखूड पात्र निवडणे आणि सर्व अंतरे नव्या भिंतीच्या अंतिम पृष्ठभागापासून मोजणे ही खबरदारी रंग व नक्षीच्या निवडीपूर्वी घ्यावी लागते.

निष्कर्ष

डोंबिवलीतील घरांच्या अंतर्भागात मोठ्या फरशीला प्रतिष्ठा लाभली, परंतु ज्या खोलीत ती बसवावयाची ती खोली वाढली नाही. भिंतीवर मोठी आणि जमिनीवर लहान, खरखरीत फरशी अशी विभागणी अनेक कारागीर सुचवितात. सहा-सहाच्या फरशीतील व्यवहारज्ञानाचीच ती नवी आवृत्ती म्हणावी लागेल. ओट्याची उंची इंधनाने, फरशीचे माप कारखान्याने आणि खोलीची रुंदी जागेच्या किमतीने ठरविली. त्या खोलीत रोज वावरणाऱ्या स्त्रीच्या व वृद्धाच्या शरीराचे माप यांपैकी कोणीही घेतले नाही. आज जुन्या इमारती पुनर्विकासासाठी पाडल्या जात असताना या मापांचा पुरावाही नाहीसा होत आहे. पाडण्यापूर्वी अशा स्वयंपाकघरांची व न्हाणीघरांची मोजमापे नोंदविली गेली, तर स्थानिक इतिहासाला एक विश्वसनीय साधन मिळेल, आणि नव्या आराखड्यात माणसाच्या मापाला अग्रक्रम देण्यास आधारही लाभेल.