चिठ्ठी उचला, आत या

दप्तर दाराबाहेर ठेवा आणि जीवशास्त्रही तिथंच राहू द्या. आजच्या तासाला नियम एकच: उंदीर, पिसू, जंतू यांपैकी एक जरी शब्द तोंडातून निघाला, तर तुम्ही बाद. साल १३४८. येर्सिन या शास्त्रज्ञाला प्लेगचा जंतू सापडायला अजून जवळजवळ साडेपाचशे वर्षं आहेत.

बाईंनी बाकं लावून गल्ली केलीय, इतकी अरुंद की समोरच्याला खांदा लावल्याशिवाय पुढं सरकता येत नाही. पंखे बंद. कोपऱ्यात भिजवलेली लोकर, टेबलावर व्हिनेगरची वाटी. टोपीतली चिठ्ठी उचला. ‘लोकर पिंजणारा.’ शेजारच्याला ‘नोटरी’ आलाय आणि स्वारी खुशीत आहे. असू दे. मरणाऱ्यांची मृत्युपत्रं लिहायला दारोदार त्यालाच जायचंय, हे त्याला अजून कोणी सांगितलेलं नाही. दोघांच्याही मुठीत मण्यांची एकेक पुरचुंडी. कोणाशी बोललात, कोणाकडून पाव घेतलात, की न बघता एक मणी द्यायचा, एक घ्यायचा. काळे मणी कुणाच्या पुरचुंडीत आहेत, ते फक्त बाईंना ठाऊक.

चला, फ्लॉरेन्स.

ऊन दगडी भिंतींवर आपटून थेट तोंडावर येतंय. रंगाऱ्यांच्या गल्लीतून तांबडं-निळं पाणी आर्नो नदीकडे वाहतंय. तुमच्या सदऱ्याला लोकरीच्या चरबीचा वास, आणि त्याखाली कापड धुवायला वापरतात त्या शिळ्या लघवीचा. एरवी हा वास तुमच्या गावीही नसतो. आज जाणवतो, कारण जो तो नाकाशी काहीतरी धरून चाललाय. कोणी फुलं, कोणी सुगंधी पाला, कोणी मसाल्याची पुडी. हवा सडलीय म्हणे. ग्रह एकत्र आले म्हणून सडली, असं शिकलेली माणसं सांगतात. तुम्ही मान डोलावता आणि काखेत खाजवता. खुशाल खाजवा, फक्त का खाजतंय ते बोलू नका.

पुढं रस्त्यात गर्दी थबकलीय. मेलेल्या कुणा गरिबाच्या चिंध्या बाहेर फेकल्यात आणि दोन डुकरं त्या दातांत धरून झटकताहेत. थोड्याच वेळात दोन्ही त्याच चिंध्यांवर आडवी झाली, आपण डोळ्यांनी पाहिलं, असं लेखक बोकाच्चोनं लिहून ठेवलंय. तुम्ही मात्र पाय उचला.

एव्हाना कुणीतरी विचारतंच, चोचीचा मुखवटा घातलेला डॉक्टर कुठाय? तो तीनशे वर्षांनी येईल. आजचा वैद्य दारातच फी मागतो, तीही अव्वाच्या सव्वा. पैसे मोजून घेतल्यावर आत येतो, तोंड फिरवून नाडी धरतो आणि लघवीची बाटली लांबूनच बघतो. स्तेफानी नावाच्या फ्लॉरेन्सकरानं त्याची ही तऱ्हा नोंदवलीय. अंडी, साखर, मेण, सगळं महागलंय. घंटा वाजवायची बंदी आहे; आजाऱ्यांना तो आवाज सोसत नाही.

खेळ खरा रंगतो तो दारापाशी. काही शिक्षक इथं लाल रंग आणतात, कण्हण्याचे आवाज लावतात. काही गरज नाही. आडवं टाकलेलं बाक पुरतं. बाकापलीकडे तुमची बहीण आहे. कालपासून ताप, जांघेत अंड्याएवढी गाठ. ती पाणी मागतेय. आत गेलात तर तीन मणी बदलायचे, बाहेर राहिलात तर एकही नाही. त्या काळी लोक काय करत? उशाशी पाणी, वाइन ठेवत, “वैद्याला घेऊन येते” म्हणत आणि दार ओढून घेत. परत येत नसत. हे बाई आधी सांगत नाहीत. तरीही निम्मी पोरं आपणहून हेच वाक्य शोधून काढतात, “आलोच हं, डॉक्टरांना बोलावतो.” म्हणतात आणि बाकाकडे पाठ करून उभी राहतात. तुम्ही काय म्हणालात, ते तुमचं तुम्ही बघा.

आता मणी मोजा. काळे जास्त निघाले तर चिठ्ठी बाईंच्या ट्रेमध्ये. चिठ्ठ्यांचा एक थर, त्यावर माती, पुन्हा चिठ्ठ्या, पुन्हा माती. चर्चच्या आवारातल्या खोल चरांत माणसं अशीच रचली गेली. लझान्यात चीजचे थर घालतात तसे, हे त्याच स्तेफानीचं. इटालियन माणसाला अशा वेळीही जेवणच आठवावं! नोटरीची चिठ्ठी तिसऱ्या थरात गेली.

तुम्ही वाचलात. नाचू नका, उद्या कामावर जायचंय. निम्मा वर्ग जमिनीवर बसलाय आणि लोकरीच्या मालकाकडे पिंजायला माणूस नाही. काल मिळेल ती मजुरी मुकाट घेत होतात. आज नोटरीचा भारी झगा तुमच्या अंगावर आहे, त्याच्या घरात विचारायला कोणी उरलं नाही. मालक खवळतो: मजुरांना मिजास आलीय! इतिवृत्तकार मात्तेओ विल्लानीही हीच कुरकुर लिहून ठेवणार आहे. शहराचा इतिहास लिहिणारा त्याचा भाऊ जोव्हानी याच साथीत गेला. खवळू द्या मालकाला. दुप्पट मागा. नाही म्हणाला, तर पलीकडच्या बाकावरचा मालक मघापासून तुम्हाला हातानं खुणावतोय.