फुटलेलें गुपित आणि कायद्याचा आधार

विश्वासानें ठेवलेली वस्तु गेली, तर दाद कोठें मागावी, हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाहीं. याज्ञवल्क्यस्मृतींत 'उपनिधि' नांवाचें एक छोटेंसें प्रकरण आहे. मोहर करून, आंत काय आहे हें न सांगतां, दुसऱ्याच्या स्वाधीन केलेली वस्तु म्हणजे उपनिधि. ती राजानें नेली, दैवी आपत्तींत गेली किंवा चोरांनीं लुटली, तर सांभाळणाऱ्यावर दोष नाहीं. परंतु मालकानें मागूनहि ती परत दिली नाहीं व त्यानंतर ती नाहींशी झाली, तर सांभाळणाऱ्यानें मालकाला किंमत भरून द्यावी आणि तेवढाच दंड राजाला द्यावा, असा तेथें निर्णय दिला आहे.

आज आपली ठेव निराळी झाली आहे. नांव, पत्ता, जन्मतारीख, बँकेच्या खात्याचा क्रमांक, दवाखान्यांतील नोंदी, बोटांचे ठसे, हें सर्व आपण निरनिराळ्या कंपन्यांच्या हवालीं करतों; आणि एखादे दिवशीं तो सारा सांठा चोरांच्या हातीं गेल्याचें वर्तमानपत्रांत वाचतों. कंपनी सांगते, "चोरी झाली, त्याला आमचा काय इलाज?" स्मृतींतील चोराचीच सबब ती पुढें करीत असते. अशा वेळीं ज्याचें गुपित फुटलें त्याला कायद्यानें आजवर काय दिलें, याचा इतिहास थोडक्यांत सांगण्याचा माझा विचार आहे.

प्रथम एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. दागिना चोरीस गेला, तर पेटी रिकामी होते. माहिती चोरीस गेली, तर पेटी जशीच्या तशी भरलेली राहते; म्हणून मालकाला चोरीचा पत्ता लागत नाहीं, आणि चोर सांपडला तरी गेलेली वस्तु परत आणतां येत नाहीं. १८७२ च्या करार-कायद्यांतील १५१ व्या कलमाप्रमाणें, ठेव सांभाळणाऱ्यानें सामान्य समंजस मनुष्य स्वतःच्या मालाची घेईल तेवढी काळजी घेतली पाहिजे. पण तें कलम चीजवस्तूंपुरतें आहे. गुपितासाठीं न्यायालयांना निराळी वाट शोधावी लागली.

ती वाट इंग्लंडांत पत्रव्यवहारापासून सुरू झाली. १७४१ सालीं अलेक्झांडर पोप या कवीनें आपलीं पत्रें परस्पर छापणाऱ्या कर्ल नांवाच्या पुस्तकविक्रेत्यावर दावा लावला. लॉर्ड हार्डविक यांनीं ठरविलें कीं, पत्राचा कागद फार तर पत्र घेणाऱ्याचा. त्यांतील मजकूर छापण्याचा हक्क मात्र लिहिणाराचाच.

त्यानंतर शंभर वर्षांनीं जो खटला झाला, तो आजच्या कंपन्यांतील चोऱ्यांशीं चमत्कारिक रीतीनें जुळतो. राणी व्हिक्टोरिया व तिचा पति प्रिन्स आल्बर्ट यांना धातूच्या पत्र्यावर चित्रें कोरण्याचा छंद होता. तीं घरच्या मंडळींसाठींच असत. ते पत्रे त्यांनीं छापण्यासाठीं विंडसर येथील एका मुद्रकाकडे दिले. मुद्रकाच्या एका कामगारानें गुपचूप जादा प्रती काढल्या, त्या हातोहातीं फिरल्या, आणि विल्यम स्ट्रेंज हा प्रकाशक व त्याचा साथीदार यांनीं त्यांचें प्रदर्शन भरवून वर्णनात्मक सूचि विकण्याचा घाट घातला. १८४८ सालीं राणीचा पति वादी म्हणून न्यायालयांत आला. १८४९ सालीं लॉर्ड चॅन्सेलर कॉटनहॅम यांनीं प्रदर्शनाची मनाई तर कायम केलीच, पण ती सूचि छापण्यासहि बंदी घातली. त्यांच्या निर्णयाचा आधार दुहेरी होता: चित्रें वादीच्या मालकीचीं होतीं, आणि प्रतिवादीची माहिती विश्वासघातांतून आलेली होती. चित्रें बाजूला राहोत, चित्रांचें वर्णनहि विश्वासघातानें मिळविलें असेल तर तें प्रसिद्ध करतां येणार नाहीं, हा सिद्धान्त येथें पक्का झाला.

श्रोतेहो, प्रिन्स आल्बर्ट जिंकला याचीं तीन कारणें होतीं. प्रदर्शन भरण्यापूर्वींच त्याला बातमी कळली. आपलें काय बिघडतें हें त्याला पैशांत दाखवावें लागलें नाहीं. आणि खटला चालविण्याचें बळ त्याच्या पदरीं होतें. सामान्य मनुष्याजवळ या तिहींपैकीं एकहि नसतें. पुढचा सारा इतिहास हीं तीन साधनें त्याला मिळवून देण्याच्या खटपटीचा आहे.

या खटल्याचा आधार घेऊनच अमेरिकेंत वॉरन व ब्रँडाइस या दोन वकिलांनीं १८९० सालीं हार्वर्डच्या कायदेविषयक नियतकालिकांत खाजगीपणाच्या हक्काचें प्रतिपादन केलें. १९२४ सालीं इंग्लंडच्या अपील न्यायालयानें टूर्निए खटल्यांत सांगितलें कीं, खातेदाराच्या व्यवहारांविषयीं मौन पाळणें हें बँकेचें कराराचेंच कर्तव्य आहे. त्या खटल्यांत शाखेच्या व्यवस्थापकानें खातेदाराच्या मालकाशीं बोलतांना, याचे पैसे शर्यतीच्या जुगारवाल्याकडे जातात असें सांगितलें होतें, आणि त्या गृहस्थाची नोकरी गेली होती. त्याचें नुकसान उघड होतें. संगणकांतून माहिती गेल्यावर होणारें नुकसान असें उघड दिसत नाहीं, आणि तेथेंच नवी अडचण उत्पन्न झाली.

पहिलें साधन म्हणजे बातमी. २००२ सालीं कॅलिफोर्निया संस्थानाच्या सरकारी संगणकांतून सुमारें २,६५,००० नोकरांची वेतनविषयक माहिती उघडी पडली, आणि ती गोष्ट त्या नोकरांना कित्येक आठवडे कळली नव्हती. त्याच वर्षीं तेथील विधिमंडळानें कायदा केला कीं, माहिती फुटली तर ज्याची फुटली त्याला कळविलेंच पाहिजे. १ जुलै २००३ पासून तो अमलांत आला. २००५ सालीं चॉइसपॉइंट या माहिती विकणाऱ्या कंपनीला लाखाहून अधिक लोकांना अशीं पत्रें धाडावीं लागलीं, तेव्हां देशभर खळबळ उडाली. २०१८ पर्यंत अमेरिकेच्या पन्नासहि संस्थानांत असे कायदे झाले. युरोपच्या २०१८ पासून लागू झालेल्या कायद्यानें कंपनीला ७२ तासांच्या आंत नियामकाला वर्दी देण्याचें बंधन घातलें.

दुसरें साधन म्हणजे नुकसानीचा पुरावा. "माझी माहिती चोरांजवळ आहे, उद्यां ते काय करतील या धास्तीनें मला झोंप नाहीं," असें वादीनें म्हटलें, तर ती धास्ती हें नुकसान होय काय? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें २०२१ सालीं ट्रान्सयुनियन खटल्यांत कठोर उत्तर दिलें. त्या संस्थेनें ८,१८५ लोकांच्या नोंदींत ते दहशतवाद्यांच्या यादींतील असावेत असा खोटा शेरा मारला होता. ज्या १,८५३ जणांचा शेरा तिऱ्हाइतांकडे गेला, त्यांनाच भरपाई मागण्याचा अधिकार मिळाला; इतरांचा केवळ धोका पुरेसा ठरला नाहीं. उलट युरोपीय न्यायालयानें डिसेंबर २०२३ मध्यें बल्गेरियाच्या कर-खात्यांतील चोरीच्या प्रकरणीं ठरविलें कीं, दुरुपयोगाची साधार भीति हेंहि नुकसान ठरूं शकतें. मात्र तें सिद्ध करण्याचा भार वादीवरच आहे.

नोकरानें केलेल्या फितुरीबद्दल धनी जबाबदार काय, हाहि प्रश्न पुन्हा उभा राहिला. २०१४ सालीं इंग्लंडांत मॉरिसन्स या दुकानदार कंपनीच्या एका नोकरानें आकसानें सुमारें एक लाख सहकाऱ्यांच्या वेतनाची माहिती जगापुढें मांडली. खालच्या दोन न्यायालयांनीं कंपनीला जबाबदार धरलें. पण २०२० सालीं सर्वोच्च न्यायालयानें, नोकर स्वतःचा सूड उगवीत होता, धन्याचें काम करीत नव्हता, असें म्हणून कंपनीला मोकळें केलें.

तिसरें साधन म्हणजे एकजूट. २०१७ सालीं इक्विफॅक्स या कर्जदारांची पत सांगणाऱ्या अमेरिकन कंपनींतून सुमारें १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. ज्या भगदाडांतून चोर शिरले, तें बुजविण्याची दुरुस्ती मार्च महिन्यांतच उपलब्ध झाली होती; चोर मे महिन्यांत शिरले. २०१९ सालीं किमान ५७ कोटी ५० लाख डॉलरांची तडजोड झाली. आंकडा मोठा खरा. परंतु ज्यांना १२५ डॉलर रोख हवे होते, त्यांच्यासाठीं राखलेली रक्कम ३ कोटी १० लाखांचीच होती. ती अडीच लाख माणसांनाहि पुरती पुरली नसती. मागणारे इतके निघाले कीं वांटा कमी करावा लागला. इंग्लंडांत तर २०२१ सालीं गूगलविरुद्ध चाळीस लाखांहून अधिक लोकांच्या वतीनें आणलेला एकच दावा, प्रत्येकाचें नुकसान निराळें दाखविलें नाहीं म्हणून, पुढें चालूंच दिला नाहीं.

आतां आपल्या देशाकडे वळूं. २००० सालच्या माहिती-तंत्रज्ञान कायद्यांत २००८ च्या दुरुस्तीनें ४३-अ हें कलम आलें व ऑक्टोबर २००९ पासून तें लागू झालें. संवेदनशील माहिती सांभाळण्यांत कंपनीनें हयगय केली व त्यामुळें कोणाचें नुकसान झालें, तर कंपनीनें भरपाई द्यावी, असें तें सांगतें. पांच कोटींपर्यंतचे दावे राज्याचा माहिती-तंत्रज्ञान सचिव न्यायाधिकारी म्हणून ऐकतो, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. २०१३ सालीं महाराष्ट्राच्या अशा अधिकाऱ्यानें पुण्याच्या एका कंपनीच्या खात्यांतून फसवणुकीनें ८० लाख रुपये गेल्याच्या प्रकरणीं बँकेला ४५ लाख रुपये देण्याचा हुकूम केला. फसव्या पत्राला उत्तर देण्याची चूक तक्रारदाराची होती, म्हणून कांहीं भार त्याच्यावरहि राहिला. यांत हा मार्ग कसा चालतो तें दिसतें.

२४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. २०१९ च्या ग्राहक-संरक्षण कायद्यानें ग्राहकानें विश्वासानें दिलेली माहिती बेकायदा दुसऱ्यास देणें ही अनुचित व्यापारी प्रथा मानली, आणि समान तक्रार असलेल्या अनेकांच्या वतीनें एकानें आयोगापुढें जाण्याची सोय ठेवली. मुदत मात्र दोनच वर्षांची आहे.

त्यानंतर २०२३ चा वैयक्तिक माहिती-संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले, आणि मुख्य कलमें अठरा महिन्यांनीं अमलांत यावीं, असें त्या वेळीं ठरविण्यांत आलें. ज्याची माहिती फुटली त्याला विनाविलंब कळविण्याचें बंधन त्यांत आहे. पहिलें साधन त्यामुळें हातीं येतें. हयगय करणाऱ्या कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडहि सांगितला आहे. परंतु तो सर्व दंड सरकारच्या संचित निधींत जावयाचा आहे. त्यासाठीं नेमलेल्या मंडळाला पीडिताला भरपाई देववण्याचा अधिकार नाहीं. आणि मुख्य कलमांबरोबरच जुनें ४३-अ कलम रद्द करण्याची तरतूद त्याच कायद्यांत आहे.

म्हणून ज्याच्यावर असा प्रसंग येईल त्यानें स्वस्थ बसूं नये. कंपनीचें पत्र जपून ठेवावें. काय गेलें व केव्हां गेलें, हें लेखी विचारावें. बँकेला तत्काळ कळवावें. झालेला प्रत्येक खर्च व त्रास तारीखवार टिपून ठेवावा, कारण नुकसानीच्या पुराव्यावांचून कोणतेंच न्यायालय बधत नाहीं, हें आपण पाहिलें. आणि मुदत संपण्यापूर्वीं, शक्य तर आपल्यासारख्या इतरांना बरोबर घेऊन, ग्राहक-आयोगाकडे जावें. ४३-अ कलम जोंवर लागू आहे तोंवर राज्याच्या न्यायाधिकाऱ्याकडेहि जातां येतें.

कायदा करणारांना मात्र त्या जुन्या स्मृतीकडे बोट दाखवावेंसें वाटतें. तिनें ठेव बुडविणाऱ्याकडून दोन गोष्टी घेतल्या: राजाला दंड आणि मालकाला किंमत. आपल्या नव्या कायद्यानें दंड शेंकडों पटींनीं वाढविला, आणि किंमत देववावयाची मात्र राहून गेली. ज्याचें गुपित गेलें त्याच्या हातांतहि कांहीं पडलें पाहिजे, एवढी दुरुस्ती त्यांत लौकर व्हावी.