घाणेकर, काशिनाथ : प्रारंभीची कारकीर्द
व्यवसायाने दंतवैद्य असलेले काशिनाथ घाणेकर हे मराठी रंगभूमीवरील लोकप्रिय नट होते; वसंत कानेटकरांच्या ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ (१९६२) या ऐतिहासिक नाटकात त्यांनी उभा केलेला संभाजी हा त्यांच्या कारकिर्दीचा खरा आरंभ मानावा लागतो. कारण वडिलांच्या प्रेमासाठी आसुसलेला आणि तितकाच संतापी असा हा युवराज त्यांच्या धारदार आवाजामुळे व उसळत्या देहबोलीमुळे प्रेक्षकांना थेट भिडला. पुढे राजा परांजपे दिग्दर्शित ‘पाठलाग’ (१९६४) या रहस्यपटात, म्हणजे गूढाच्या उकलीवर बेतलेल्या चित्रपटात, ते नायक होते. तथापि १९६६ मध्ये रंगमंचावर आलेल्या ‘अश्रूंची झाली फुले’ या कानेटकरांच्याच नाटकातील लाल्या ही बंडखोर विद्यार्थ्याची भूमिका त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली.