रेपो रेट आणि मिलोची भाकरी

रिझर्व्ह बँकेच्या पतधोरणाची बातमी आली की हाताला सवयीचं वाक्य लागतं: ‘महागाई आटोक्यात ठेवण्यासाठी व्याजदरात वाढ.’ इतक्या वर्षांत किती वेळा छापलं, मोजदाद नाही. पण औंधच्या बाजारपेठेत पिशवी घेऊन उभं राहिलं की ते घशाखाली उतरत नाही.

आमच्या माण-खटावात महागाईचा विषय निघाला की म्हातारी माणसं थेट ७२ च्या दुष्काळावर येतात. दुष्काळी कामावरची खडी, सुकडी, आणि अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोची भाकरी. खिशात पैसे असले तरी धान्य कुठं होतं? तिकडे मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर बायकांचे लाटणे मोर्चे काढत होत्या.

रिझर्व्ह बँक तेव्हाही गप्प बसली नव्हती. मे १९७३ मध्ये तिने बँक रेट ६ वरून ७ टक्के केला. भाव चढतच राहिले. वर्षअखेरीस खनिज तेल जवळपास चौपट महागलं, मग तर विचारूच नका. जुलै १९७४ मध्ये दर एकदम ९ टक्क्यांवर नेला. १९७४-७५ मध्ये घाऊक महागाई सरासरी २५ टक्के होती. पुढच्या वर्षी घाऊक भाव चक्क थोडे उतरले.

मग व्याजाने काम केलं म्हणायचं का? त्याच काळात सरकारने नोकरदारांच्या वाढीव महागाई भत्त्यातली निम्मी रक्कम सक्तीने ठेवीत अडकवली, साठेबाजांवर धाडी पडल्या, आणीबाणी आली. आणि १९७५ ला पाऊस चांगला झाला, धान्य विक्रमी पिकलं. श्रेय वाटायचं तर पावसाचा वाटा मी सगळ्यात मोठा धरीन.

एक मात्र कबूल. व्याजदर अगदीच बिनकामाचा नाही. बँकेच्या पैशावर माल उचलून गोदामात दाबून ठेवणाऱ्याला महाग व्याज टोचतं. म्हणूनच धान्यावर दिल्या जाणाऱ्या कर्जांना रिझर्व्ह बँकेने १९५६ पासूनच वेगळी वेसण घातली होती. दुष्काळात सुकलेल्या ज्वारीला मात्र कुठला बँक रेट पाणी घालणार?

आता अलीकडचं बघा. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो ४ वरून ६.५० टक्क्यांवर गेला. खाद्यपदार्थ आणि इंधन सोडून उरलेली महागाई पुढे उतरली, २०२३ च्या अखेरीस ४ टक्क्यांच्या खाली आली. ते श्रेय काही प्रमाणात द्यायला हवं. पण त्याच वर्षी जुलैत टोमॅटो भडकला आणि किरकोळ महागाई ७.४४ टक्क्यांवर पोहोचली. सप्टेंबरमध्ये ती ५.०२ वर आली. दरम्यान रेपो जागचा हलला नव्हता. बाजारात नवा माल उतरला होता. टोमॅटो कुणी कर्ज काढून खात नाही हो! आणि पिकवणाऱ्याचं म्हणाल, तर आपल्या राज्यात वेळेवर फेडलेलं ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज बिनव्याजी आहे. म्हणजे ज्याच्या शेतातून भाव ठरतो, त्याच्या पीककर्जापर्यंत रेपोचा हात पोहोचतच नाही. त्याच्यापर्यंत पोहोचलं ते ऑगस्ट २०२३ चं कांद्यावरचं ४० टक्के निर्यातशुल्क, आणि डिसेंबरात आलेली निर्यातबंदी.

टोमॅटो महिन्या-दोन महिन्यांत उतरला. माझ्या गृहकर्जाची मुदत तेवढ्यात वाढली होती, ती अजून फेडतोय.